देवाज्ञा झाली म्हणजे नेमकं काय झालं?

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. लिहावंसं वाटत नव्हतं म्हणा, किंवा जे लिहावंसं वाटत होतं ते लिहायचा धीर होत नव्हता म्हणा. आज लिहितो आहे. घरातली मंडळी हे वाचतात, मला माहीत आहे. त्यातल्या काहींना राग येईल. ‘वय झालं, तात्यांचं डोकं फिरलं’ असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. ३५ वर्षं वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो आहे. पाठीमागे कोण काय बोलतं ते ऐकायची सवय आहे.

गेल्या श्रावणात माझ्या पुतणीचा मुलगा गेला. नऊ वर्षांचा, चौथीत होता. पंचमीला ती माहेरी आली होती, म्हणजे आमच्याच घरी, नेवासे तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर. पोरं खाली अंथरुणं टाकून झोपली होती. रात्री एकच्या सुमाराला हा उठला, पोट दुखतंय म्हणाला. मग डोळे उघडेनात. पापण्या जड झाल्या, जीभ जड झाली. जाणत्यांनी ओळखलं, पान लागलंय. (शहरातल्या नातवंडांसाठी सांगतो, आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) बहुधा मण्यार असावी. मण्यारीचे दात बारीक, चावलेलं कळतही नाही. झोपेतल्या माणसाला तर नाहीच.

पुतणी म्हणाली, दवाखान्यात न्या. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आधी देवळात. आमच्या गावच्या देवळात पान लागलेल्या माणसाला आणून ठेवायची रीत फार जुनी आहे. कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष आहे. पोराला चावताच येत नव्हतं. यात दोन तास गेले. मग जीप काढली. नगरच्या रस्त्यावर त्याचा श्वास थांबला.

मी नगरला राहतो. मला पहाटे साडेचारला फोन आला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

दहाव्याला तिच्या सासरी गेलो. प्रवरेच्या काठी प्रवचन ठेवलं होतं. महाराज बोलायला चांगले होते, माणूसही वाईट नसावा. ते म्हणाले, त्याच्या इच्छेशिवाय झाडाचं पानही हलत नाही. तो सर्वशक्तिमान आहे. तो जे करतो ते भल्यासाठीच. लेकराला देवाज्ञा झाली, आता शोक करू नये. मागच्या जन्मीचं काही देणं होतं ते फिटलं. माना हलल्या. भावाचीही हलली. मला वाटतं, त्याला त्या क्षणी बरं वाटलं असावं.

पुतणी बायकांत बसली होती. नंतर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तात्या, तुम्ही एवढं वाचता. मला सांगा, मी कोणाचं काय वाईट केलं होतं?”

त्या रात्री त्या घरात जिचं म्हणणं बरोबर होतं अशी ती एकटी बाई. आणि अपराधीपणाचं ओझं तिच्याच डोक्यावर! ज्यांनी ठरवलं ते मोकळे झाले, कारण देवाज्ञा झाली होती. मला त्या दिवशी काही बोलता आलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि आलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एवढे महिने लागले. तिला विचारूनच इथे लिहितो आहे.

प्रश्न नवा नाही. ग्रीसमधल्या एपिक्युरसच्या नावावर तो दोन हजारांहून जास्त वर्षं चालत आला आहे. देवाला दुःख थांबवायचं आहे पण थांबवता येत नाही? मग तो सर्वशक्तिमान नाही. थांबवता येतं पण थांबवायचं नाही? मग तो दयाळू नाही. दोन्ही आहे म्हणता, तर मग दुःख आलं कुठून? १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात भूकंप झाला. तो ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण होता, माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला जमली होती आणि तीच चर्च त्यांच्या अंगावर कोसळली. व्हॉल्टेअरने तेव्हा हाच प्रश्न साऱ्या युरोपला विचारला. आपल्याला एवढं लांब जायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. किल्लारीच्या भागातली माणसं गणपती बोळवून दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं उठलीच नाहीत. विघ्नहर्त्याला निरोप देऊन चार तास झाले नव्हते.

याची जी उत्तरं आपल्याकडे देतात ती मी एकेक करून तपासणार आहे. मास्तर आहे, पेपर तपासल्याशिवाय मार्क देत नाही.

पहिलं उत्तर पूर्वजन्मीच्या कर्माचं. हे उत्तर साधंसुधं नाही. ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप सरळ मांडलेला आहे: देव कुणाला सुखी करतो, कुणाला दुःखी, म्हणजे तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो. शंकराचार्य त्यावर भाष्यात म्हणतात, ठरत नाही, कारण देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे देतो. ते पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच, पण कुठलं धान्य उगवणार ते बियाण्यावर. वाचताना क्षणभर पटतं. पण नीट पाहा, यात देवाचं काय झालं! ज्याला खातेवहीत लिहिलंय तेवढंच देता येतं, एक पैचीही सूट देता येत नाही, तो सर्वशक्तिमान कसा? तो तलाठी झाला. उताऱ्यावर नोंद आहे, मी काय करू? म्हणजे देव निर्दय ठरू नये म्हणून आचार्यांनी त्याचं सर्वसामर्थ्यच काढून घेतलं. ते फार मोठे तर्कपंडित, त्यांना हे कळत असणारच. आपल्या महाराजांना मात्र दोन्ही हवं, कर्माची वहीही आणि सर्वशक्तिमानही.

आणि शिक्षेचं म्हणाल तर मी माझ्या नोकरीत छड्या मारल्या आहेत, आज त्याची लाज वाटते. पण एक पथ्य मीही पाळत होतो. कशासाठी मारतो ते पोराला सांगितल्याशिवाय हात उगारला नाही. ज्याला आपला गुन्हा आठवतच नाही, कधी आठवणारही नाही, त्याला शिक्षा करून सुधारणार कोण? जे एका खेड्यातल्या मास्तराला कळतं ते जगाच्या मालकाला कळू नये?

दुसरं उत्तर, देव परीक्षा पाहतो. परीक्षेबद्दल मला जरा कळतं! परीक्षा कुणाची होती? आईची म्हणता? मग त्या परीक्षेत पोराचा जीव काय म्हणून वापरला, प्रश्नपत्रिका म्हणून? भागवतात कुंतीने संकटं मागून घेतली अशी कथा आहे, म्हणजे देवाची आठवण राहील. थोर बाई. पण तिने ती स्वतःसाठी मागितली, दुसऱ्याच्या लेकरासाठी नाही. शिवाय जो सर्वज्ञ आहे त्याला परीक्षा घ्यावीच का लागते? निकाल तर त्याला आधीच ठाऊक.

तिसरं उत्तर, त्याची लीला आपल्याला कळत नाही. ठीक आहे, मान्य. पण मग ती कधीच कळत नाही असं म्हणा. मुलगा पास झाला, बोअरला पाणी लागलं, अपघातातून एकटा वाचला की लगेच कळतं, ‘देव तारी त्याला कोण मारी’! त्याच गाडीतले चौघे गेले तेव्हा मात्र कळत नाही. नफा झाला की वही उघडायची आणि तोटा झाला की वहीची भाषा समजत नाही म्हणायचं. असा हिशेब आमच्या गावच्या सोसायटीत कुणी दाखवला तर सभासद त्याला उठवून लावतील.

चौथं उत्तर असं की पाप वाढलं म्हणून कोप झाला. याचा मोह भल्याभल्यांना पडतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणासाठी फिरत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं ते म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता वाईट यात दोघांचं दुमत नव्हतं. पण निसर्गातल्या घटनेला असा नैतिक अर्थ चिकटवला तर उद्या समोरचाही चिकटवील, आणि आपल्या लोकांचं अज्ञान वाढेल, हे रवींद्रनाथांचं म्हणणं. गांधीजींनी ते ‘हरिजन’मध्ये छापलं, पण आपलं मत सोडलं नाही. गांधीजींबद्दल मला किती आदर आहे हे घरातल्यांना माहीत आहे. तरी इथे मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. बिहारमध्ये ढिगाऱ्याखाली दलितही सापडले असतील. त्यांना कुठल्या पापाची शिक्षा? अस्पृश्य असल्याच्या?

आता कुणी विचारील, तात्या, हे सगळं वादविवाद स्पर्धेला ठीक आहे. ज्याचं पोर गेलं त्याला ‘देवाज्ञा’ या शब्दाने चार घटका आधार मिळतो. तो का काढून घेता?

या प्रश्नाला मी टाळत नाही. पण त्यासाठी मला माझ्या आईची गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

१९५८ साली माझी धाकटी बहीण गेली. चार वर्षांची होती, मी आठ वर्षांचा. तिला देवी आल्या होत्या. आपल्या भाषेची गंमत पाहा, त्या रोगाचं नावच देवी. रोगी म्हणायचंच नाही, बाई घरात आल्यात म्हणायचं. दाराला कडुलिंबाचे डहाळे, घरात सोवळंओवळं, आणि मुख्य म्हणजे चुलीवर फोडणी द्यायची नाही. फोडणीचा वास आला की बाईंचा कोप होतो. आठव्या की नवव्या दिवशी वडील शेतावरून उपाशी आले, तर आईने त्यांच्यासाठी कालवणाला फोडणी दिली. दोन दिवसांनी बहीण गेली.

आईने त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. पण दर वर्षी त्या तिथीला ती दिवसभर चूल पेटवायची नाही. आम्हाला कारण माहीत होतं, आणि कुणी बोलायचं नाही.

१९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की देवीचा रोग जगातून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. पेपरात आलं तेव्हा मी सुट्टीत गावी होतो. आईला वाचून दाखवलं. तिला समजेल अशा भाषेत सांगितलं की हा एक विषाणू होता, श्वासातून पसरायचा, लस टोचली की होत नव्हता, आता संपला. आई तांदूळ निवडत होती. खाली मान घालून म्हणाली, “मग फोडणीनं नव्हं ना गेली ती?”

बावीस वर्षं! ज्या शब्दाला तुम्ही आधार म्हणता त्याने माझ्या आईला बावीस वर्षं काय दिलं ते मी पाहिलं आहे. त्या वर्षीच्या तिथीला तिने चूल पेटवली.

पण मी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी जास्त अवघड आहे. मुंबईत देवीची पहिली लस १८०२ साली टोचली गेली. ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर १५६ वर्षांनी माझी बहीण गेली. लस नव्हती म्हणून नाही. माझ्या दंडावर वण आहे, आजही दिसतो. तिच्या दंडावर नव्हता. देवी डॉक्टर गावात आला तेव्हा आजीने तिला कणगीमागे लपवलं आणि सांगितलं, घरात टोचायचं मूल नाही. पोरीला ताप येईल, दंड सुजेल, आणि बाईंना राग येईल. आजीचा तिच्यावर फार जीव होता. जीव होता म्हणूनच लपवलं.

‘देवाज्ञा’ या शब्दाची खरी सोय इथे आहे. देवाने नेलं नाही म्हटलं की मग कशाने नेलं ते विचारावं लागतं. आणि उत्तर घरातच निघू शकतं. म्हणून सगळे मिळून ते वर ढकलतात. आजी सुटली, गाव सुटलं, सरकार सुटलं. अडकली कोण? आई. देवाज्ञेने दुःख हलकं होत नाही, मंडळी, ते फक्त दुबळ्याच्या डोक्यावर सरकतं. घरात हे ओझं बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं.

आणि घराबाहेर? ६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण गेले. श्वास मिळावा म्हणून आणलेली माणसं धुरात गेली. त्या दिवाळीत इथल्या काही बहिणींची ओवाळणी तशीच राहिली. तेव्हाही मी लोकांना म्हणताना ऐकलं, काय करणार, त्याची इच्छा. अरे, वायरिंग त्याने केलं होतं का? आगीची काळजी घेणं हे काम कुणाचं, हे विचारायचं सोडून आपण आकाशाकडे हात जोडले की कुणाच्याही टेबलावरची फाईल आपोआप बंद होते. किल्लारीत भूकंप जमिनीने केला, पण माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार अंगावर पडून. तेवढाच धक्का नीट बांधलेल्या घरांच्या गावाला बसता तर एवढी माणसं गेली नसती.

उलट जिथे कुणीतरी ‘देवाज्ञा’ मानायला नकार दिला तिथे काय झालं तेही पाहू. १९७२ च्या दुष्काळात मी नुकता बी.ए. होऊन घरी बसलो होतो. बंडिंगच्या कामावर हजेरी घ्यायचं काम मिळालं. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पाऊस त्या वर्षीही नव्हता आणि १८७६ लाही नव्हता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं लाखांनी मेली. १९७२ ला हाल झाले, गुरं गेली, घरं उठली, पण माणसं तशी मेली नाहीत. देव बदलला होता का? कामं काढली होती, धान्य आणलं होतं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. आपल्याच तालुक्याशेजारी हिवरे बाजार पाहा. पाऊस तिथे आमच्यासारखाच तुटपुंजा. १९९० च्या आसपास गावाने पाणी अडवलं, बोअरवर शेती बंद केली, ऊस बंद केला, पाण्याचा ताळेबंद मांडला.

कोकणात विंचू चावून पोरं मरत. शंभरातली चाळीसपर्यंत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र जागून पाहिलं की ही पोरं नेमकी कशाने मरतात, हृदयावर काय होतं. मग प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध वापरलं. मृत्यू शंभरात एकाच्या आसपास आले. सांगा आता, त्या उरलेल्या एकोणचाळीस पोरांना देवाने आज्ञा देणं कधीपासून बंद केलं? औषध आलं त्या सालापासून?

इथे माझी वारकरी बहीण म्हणेल, दादा, तू नास्तिक झालास. नाही गं. मी आजही पंढरीला जातो, तू येतेस तेव्हा तुझ्याबरोबर. माझं भांडण विठोबाशी नाही. ‘सर्वशक्तिमान’ या शब्दाशी आहे. आणि मला वाटतं, आपल्या संतांचंही त्या शब्दावाचून काही अडलेलं नव्हतं.

कथा आठव. जनाबाईबरोबर देव दळायला बसला. चोखोबाबरोबर त्याने गुरं ओढली. दळण आपोआप झालं नाही, देवाने जातं हातात धरलं. दामाजीपंतांची गोष्ट घे. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसं दारात मरू लागली. विठोबाने पाऊस पाडला का? नाही. आधी दामाजीने बादशहाची कोठारं फोडली, जीव धोक्यात घालून. देव नंतर आला, विठू महाराच्या वेशात, आणि त्याने धान्याची किंमत भरली. ज्याने ही कथा रचली त्याला नीट माहीत होतं, कोठार माणसाला उघडावं लागतं. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात अन्नावाचून गेले. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. दुष्काळ ही देवाज्ञा म्हणून कर्जदारांकडून वसुली चालू ठेवली नाही.

आणि चोखोबा. त्याच मंगळवेढ्याला १३३८ साली गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. ज्याला देवळाच्या दारापलीकडे जाऊ दिलं नाही असा विठ्ठलाचा भक्त. देव सर्वशक्तिमान असता तर एक भिंत सावरायला त्याला किती कष्ट होते? पण संतांनी असं म्हटलं नाही की चोखोबाला देवाज्ञा झाली, मागच्या जन्मीचं देणं फिटलं. नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगारा उपसला, हाडं शोधली आणि पंढरीला महाद्वारासमोर आणून समाधी दिली. दुःख समोर आलं की काय करायचं ते नामदेवांनी दाखवलं. पुढचं दार मात्र उघडलं नाही. ते उघडायला १९४७ चा मे महिना यावा लागला, साने गुरुजींना दहा दिवस उपाशी राहावं लागलं. ६०९ वर्षं! सर्वशक्तिमानाला ते दार उघडता आलं नाही असं म्हणायचं, की उघडायचं नव्हतं असं? मी म्हणतो, दोन्ही नको. ते दार आपण लावलं होतं, आपणच उघडायचं होतं.

आमच्या नेवाशालाच पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्यांच्या आईवडिलांना धर्माच्या नावाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, त्या पोरक्या मुलाने शेवटी देवाकडे मागितलं काय? सूड नाही, चमत्कार नाही. दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा आणि माणसांत मैत्र व्हावं. सगळं मागणं माणूस बदलण्याचं आहे. असा देव मला चालतो. जो वरून आज्ञा सोडत नाही, शेजारी बसतो. ज्याच्या नावावर आपले अपराध खपवता येत नाहीत.

आता माझ्या अपराधाचं. भावाला मी दोष देत बसणार नाही, त्याने जे लहानपणापासून पाहिलं तेच केलं. पण मी? त्याच गावच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. दर वर्षी पान लागलेलं कुणी ना कुणी देवळात आणलं जायचं. काही वाचायचे, कारण बरेच साप बिनविषारीच असतात किंवा विष उतरतच नाही. ते वाचले की देवाचं नाव व्हायचं. काही जायचे, मग देवाज्ञा व्हायची. मला हे तेव्हाही कळत होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारांच्या विषावर इंजेक्शन आहे हे मी पुस्तकातून शिकवलं, पोरांनी परीक्षेत लिहिलं, मी मार्क दिले. पण शाळेच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या देवळाकडे बोट दाखवून ‘तिथे आधी नेऊ नका’ हे एक वाक्य मी अकरा वर्षांत उच्चारलं नाही. गावाला वाईट वाटेल, बदली होईल, कशाला उगीच. माझे विद्यार्थी आज त्या गावचे वडीलधारे आहेत. त्या रात्री देवळात त्यातले दोघे होते.

देवाज्ञा म्हटलं की मीही सुटतो. मला सुटायचं नाही.

म्हणून आमच्या भावकीपुरतं एक मागतो. यापुढे आपल्या घरातलं कुणी गेलं तर निरोपात ‘देवाज्ञा झाली’ लिहायचं नाही. माझ्याही वेळी नाही. काय झालं ते लिहायचं, हृदयविकाराने, अपघातात, सर्पदंशाने. आणि पान लागलं, असा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन, आणि आधी दवाखाना. पावसाळ्यात पोरं खाली झोपणार नाहीत, खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. नारळ नंतर फोडा, मी आणून देतो.

गेल्या रविवारी पुतणीकडे गेलो होतो. तिला म्हटलं, “पोरी, तुझं काही चुकलं नव्हतं. तू बरोबर सांगत होतीस. आम्ही ऐकलं नाही. चुकलं ते आमचं.” ती बराच वेळ रडली. मग उठून चहा टाकला.

भाऊ माझ्याशी दोन महिने बोलत नव्हता. परवा त्याचा फोन आला. कांद्याचा भाव सांगितला, पावसाचं सांगितलं. ठेवता ठेवता म्हणाला, “चार खाटा करायला टाकल्यात सुताराकडं.”